कणकेने लिंपलेली हंडी

मित्रांनो, बुडाशी जाळ लागल्याशिवाय माझे काम सुरू होत नाही. मी अर्क काढायची एक जुनी तांब्याची हंडी आहे. तांबटाने ठोकून ठोकून मला आकार दिला. ते वण अजून अंगावर आहेत. माझे काम साधे. पोटात ओवा आणि पाणी घ्यायचे, जाळ सोसायचा आणि ओव्याचा सारा वास वाफेबरोबर नळीत सोडायचा. नळी गार पाण्यातून जाते, वाफेचे थेंब होतात आणि बाटलीत टपटपतात. तोच अर्क. झाकणाच्या फटीतून वाफ पळू नये म्हणून या घरची थोरली जाऊ कडेने ओली कणीक लिंपते. लिंपावी तर तिनेच. केसाएवढी फट राहत नाही.

एके काळी माझा मान होता. अंगणापलीकडे धाकट्या जावेचे खुराडे. तिथल्या पिल्लांच्या भरड्यात थोडा अर्क पडे, आणि पोटाच्या रोगाची साथ आली तरी आमची पिल्ले बहुधा तगून जात. मग तयार औषधाच्या पुड्या आल्या. मला माळ्यावर टाकले, पोटात कांदे भरले. मी हिरवी पडले. कुरकुर कुणाकडे करणार?

यंदा साथ आली ती पुड्यांनाही जुमानेना. नवरा गेल्यापासून धाकटीची चूल त्या कोंबड्यांवरच पेटते. रोज सकाळी ती मेलेली पिल्ले टोपलीत भरून नेई. शेवटी पशुवैद्य आले, खुराड्यात वाकले आणि म्हणाले, "आजारी आहेत त्यांचं काही खरं नाही. धडधाकट आहेत ती वेगळी काढा, पाण्याची भांडी घासा, आणि तुमचा तो ओव्याचा अर्क भरड्यात घाला. औषध नव्हे हो तो, आडोसा आहे. पण आता तेवढाच आहे."

मला खाली उतरवले, घासले, कल्हई केली.

"कांद्याचा वास गेला का बघ," थोरली म्हणाली.

"पिल्लं काही तक्रार करायची नाहीत, ताई."

हसले मात्र कुणी नाही.

मी जीव ओतून अर्क दिला. थोरलीने तो वाफाळत्या भरड्यात घातला.

"एवढा गरम कशाला?" धाकटीने विचारले.

"अगं, आजारपणात ऊन ऊनच द्यावं. माझी लेकरं मी अशीच वाढवली."

खुराडे ओव्याच्या वासाने भरून गेले. येणारा-जाणारा थांबून म्हणे, काय छान वास सुटलाय.

मित्रांनो, मी आतल्या आत ओरडत होते. उष्णतेने ओव्यातला वास कसा निघून जातो, हे माझ्याएवढे कुणाला ठाऊक? जन्मभर तेच तर केले. तो भरड्यातूनही तसाच उडून चालला होता आणि पिल्लांच्या पोटात नुसता भरडा जात होता. पण हंडीला कान असतात, जीभ नसते.

वेगळ्या काढलेल्या पिल्लांच्याही माना पडू लागल्या.

"उद्या टोपली पुरेल, की पोतं आणू?" धाकटी म्हणाली. आवाजात रडू नव्हते. त्यानेच थोरली हबकली.

"असं बोलू नये गं."

"मग कसं बोलू? हे खुराडं रिकामं झालं की मी कुठे जाऊ, ताई?"

उरलासुरला ओवा माझ्या पोटात गेला. थोरली कणीक लिंपत होती, ओठ प्रार्थनेत हलत होते. एका जागी कणीक तडकली, वाफेची बारीक शीळ निघाली आणि घरभर वास पसरला.

"दाब, दाब तिथे. सगळं हवेत चाललंय."

धाकटीने बोट दाबून धरले. मग हळूच म्हणाली, "आणि खुराड्यात सुटतो तो वास कुठून येतो, ताई?"

थोरलीचा हात कणकेतच थांबला. ती उठली, भरड्याचे पातेले चुलीवरून उतरवून ओट्यावर ठेवले आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

"मीच मारली गं."

"गप्प बसा. बाटली भरत आलीय, तेवढी धरा."

भरडा पुरता निवल्यावरच तो अर्क कालवला. त्या दिवशी खुराड्यात वास सुटला नाही, आणि वाटेवर कुणी थांबलेही नाही.

साथ ओसरली तोवर फार उशीर झाला होता. जी पिल्ले उरली, ती त्याच टोपलीत मावली. अर्काने वाचली, घासलेल्या भांड्यांनी वाचली की देवाने राखली, मी छातीठोक सांगणार नाही. एवढ्यावर धाकटीची चूल पेटेल का, तेही मला ठाऊक नाही. थोरलीने टोपलीत आपली शाल अंथरली माझ्या पोटात ऊन पाणी भरले आणि ऊब मिळावी म्हणून टोपली माझ्या अंगाला टेकवून ठेवली.

मित्रांनो, हात असते तर जोडले असते. साथ दाराशी आल्यावर मला माळ्यावर शोधू नका; आधीच घासूनपुसून हाताशी ठेवा. आणि घरात छान वास सुटला की लगेच खूश होऊ नका. जे पोटात जायला हवे होते ते हवेत तर गेले नाही ना, एवढे बघा.

इतके दिवस ती टोपली निपचित असायची. आज माझ्या कुशीला लागून ती जराशी हलते आहे.