धाकलीमावशीचा ऐरावत

माघातल्या कोवळ्या उन्हात साबणाचा फेस किती सुंदर दिसतो, हे मला धाकलीमावशीच्या हातांवरून कळलं. सावळ्या, शिरा उमटलेल्या त्या हातांवर शुभ्र फेस कोपरापर्यंत चढलेला असे, हिरव्या बांगड्या त्यात अर्ध्या बुडालेल्या असत, आणि त्या हातांखाली आमचा सत्तर किलोंचा कुत्रा डोळे मिटून, समाधी लागल्यागत निश्चल उभा असे. परसातल्या पेरूच्या फांद्यांतून ऊन गाळून येई. मग कुत्रा अंग झाडी, आणि क्षणभर सगळं परस थेंबांचं होऊन जाई. त्या तुषारांच्या मधोमध भिजून चिंब झालेली मावशी इतकं मोकळं हसायची, की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईही कारण न कळता हसू लागत.

तिचं नावच धाकली. साठी उलटलेली, सहा भावंडांत सगळ्यांत थोरली, आणि नाव मात्र धाकलीबाय. "आजीनं ठेवलं, तिला मोजताच येत नसंल," असं ती सांगायची. खाडीकाठच्या गव्हाण गावाहून ती मासळीची टोपली घेऊन यायची. नवीन पनवेलातल्या आमच्या बैठ्या घरांच्या रांगेत तिची बोय, कोलंबी आणि नशीब असेल त्या दिवशी जिताडा हातोहात जाई. तिची चाहूल आधी नाकाला लागे, मग कानाला. खाडीच्या चिखलाचा, खारट वाऱ्याचा एक दर्प गल्लीच्या तोंडाशी आला, की पाठोपाठ तिची लांबवलेली हाक येई. मी इथल्याच एका शाळेत मराठी शिकवत होते. कित्येक वर्षं आमचा संबंध होता तो दारातल्या पायरीपुरता: ती बसायची खालच्या पायरीवर, मी उभी वरच्या, आणि मध्ये मासे.

मग आमच्या घरी ऐरावत आला.

दोन हजार सातचा हिवाळा असावा. माझे यजमान सुधीर यांचा एक मित्र परदेशी गेला आणि जाताना आपला दोन वर्षांचा सेंट बर्नार्ड आमच्याकडे सोडून गेला. पांढऱ्या अंगावर तांबूस डाग, उशीएवढं डोकं आणि जगातल्या यच्चयावत दुःखांची कल्पना असल्यासारखे डोळे. बर्फाच्या देशासाठी घडवलेला तो देह पनवेलच्या दमट हवेत येऊन पडला होता, आणि त्याबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. नाव सुधीरनी ठेवलं. पहिला उन्हाळा त्याने न्हाणीघराच्या लादीवर पोट टेकून काढला. पावसाळ्यात मात्र त्याच्या दाट केसांखाली ओल साठली, कातडीला बुरशी धरली, आणि पाठीवर, मांडीपाशी लाल, ओलसर चट्टे उठले. रात्रंदिवस खाजवणं सुरू झालं. डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला: आठवड्यातून दोनदा आंघोळ, फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा, आणि नंतर केसांच्या मुळापर्यंत कोरडा करायचा. हे झालं नाही तर जखमा चिघळतील, असंही त्यांनी बजावलं.

सांगणं सोपं होतं. परसातल्या नळापाशी नेलं, की ऐरावताच्या देहातला हत्ती जागा होई. पाय ताठ, मान मागे, आणि एक असा हिसका, की साखळी धरलेला माणूस नळाशी आणि कुत्रा दिवाणखान्यात. एकदा सुधीर पडून त्यांचं मनगट मुरगळलं. दुसऱ्यांदा अर्धा फेस अंगावर घेऊन तो पलंगाखाली शिरला, आणि पलंगच त्याच्या पाठीवर उचलला गेला. आम्ही हसलो. पण चट्टे वाढत होते. शेवटी सुधीरचे चुलतभाऊ म्हणाले, "माझ्या कर्जतच्या शेतावर धाडा. मोकळी जागा, गडीमाणसं आहेत. येत्या शनिवारी न्यायला येतो." आम्ही हो म्हटलं. जो आपल्याला कधीच दोष देणार नाही अशा प्राण्याला फसवताना माणसाला स्वतःची जेवढी लाज वाटते, तेवढी क्वचितच कशाने वाटत असेल. त्या आठवड्यात मी त्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

गुरुवारी सकाळी आम्ही शेवटचा प्रयत्न म्हणून त्याला पुन्हा नळापाशी नेलं, आणि तेवढ्यात मावशीची हाक आली. परसातला गोंधळ ऐकून ती दारातून न येता घराला वळसा घालून मागेच आली. टोपली कुंपणावर ठेवली आणि कमरेवर हात देऊन ती बराच वेळ बघत राहिली. आमच्याकडे नव्हे, कुत्र्याच्या तोंडाकडेही नव्हे, त्याच्या पायांकडे.

"तो पान्याला नाय भीत गो बाय," ती म्हणाली. "लादीला भितंय. पाय बघ त्याचं, कसं सरकतान."

आम्ही बघितलं. गुळगुळीत, ओली लादी. त्यावर चारी पंजे फाकलेले, नखं रोवू पाहणारी आणि कशातच न रुतणारी. इतके दिवस आम्ही त्याचे दात पाहत होतो, हट्ट पाहत होतो, ताकद पाहत होतो. त्याच्या पायाखाली काय आहे, हे आम्हा दोघा सुशिक्षितांना दिसलं नव्हतं.

"खाडीच्या चिखलान जल्म गेला माजा," ती म्हणाली. "पाय रोवला की भीती जाते. सरकला की वाघ पन रडतो."

तिने टोपलीखालचं गोणपाट काढलं, दुहेरी करून लादीवर अंथरलं. नळाची तोटी बंद केली. "बादलीन पानी घे, कोमट. आनि तो आवाज नको." मग साडीचा ओचा खोचून ती ऐरावताजवळ उकिडवी बसली आणि आपले हात त्याच्या नाकापुढे धरले. सकाळभर मासे हाताळलेले ते हात! ऐरावताने एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं, आणि मग त्याच्या चर्येवर अशी प्रसन्नता पसरली, की जणू आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोललं होतं. तो आपण होऊन गोणपाटावर चढला.

"ये रं दादूस," मावशी म्हणाली, थोरल्या भावाला बोलवावं तशी.

तिने पाणी आधी पंज्यांवर ओतलं, थेंबाथेंबाने. मग गुडघे, मग मांड्या, मग पोट. जशी भरती काठाला चढते तसं पाणी त्याच्या अंगावर चढत गेलं. डोक्यावर तिने तांब्या उपडा केलाच नाही. कानांत माझ्याकडून कापसाचे बोळे घालून घेतले, आणि तोंड सगळ्यांत शेवटी ओल्या फडक्याने पुसलं. चट्ट्यांपाशी तिची बोटं इतकी हलकी होत, की फेसालासुद्धा कळू नये. दहा मिनिटं फेस ठेवायचा म्हटल्यावर ती त्याच्याशी बोलत बसली. गावातल्या कुणाच्या लग्नाला किती माणसं आली, कुणाच्या सुनेने चुलीला लाथ मारून गॅस आणायला लावला, खाडीला आज काय मिळालं. ऐरावत कान टवकारून ऐकत होता. मी कोरडा टॉवेल हातात घेऊन उभी होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी त्याच टॉवेलला पुसत होते.

शनिवारी चुलतभाऊ गाडी घेऊन आले. सुधीरनी त्यांना जिताड्याचं कालवण जेवू घातलं आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

त्यानंतर दर गुरुवारी आणि रविवारी मावशी येऊ लागली. टोपली संपवून, पायांवर पाणी घेऊन, ती परसात शिरे. मी देईन ते न बघता कमरेच्या पिशवीत जाई; चहा मात्र ती मागून घेई, दोन चमचे साखर जास्त. तिच्या हातांना एक व्याकरण होतं. उलट्या केसांत बोटं घालून ती मुळाशी पोचे, सुलट्या हाताने फेस निथळवी, आणि अंग पुसून झालं की हाताची पाठ त्याच्या काखेत, शेपटीच्या मुळाशी, कानामागे टेकवून थांबे. "तळहात खोटं बोलतो," ती म्हणायची, "वल कळते ती हाताच्या पाठीला." मग त्याला उन्हात बसवून, ऊन नसेल तर घरातला टेबलपंखा दारात आणून, ती केसांचे पदर उलगडत बसे. भाद्रपद सरता सरता चट्टे सुकले. दिवाळीपर्यंत नवे केस आले, आणि ऐरावत खरोखरच आपल्या नावाला शोभू लागला.

एका रविवारी कुंपणाशी मोटारसायकल थांबली. मावशीचा मुलगा नारायण. उरणच्या बंदरात तो ट्रेलर चालवायचा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घड्याळ. तो आत आला नाही.

"आये, चल घरी," तो तिथूनच म्हणाला. "आता कुत्री धुवायला लागलीस? गावान लोक हसतान मला. भाकरीला कमी हाय काय आपल्या घरान?"

त्याच्या बोलण्यात राग कमी आणि लाज जास्त होती, आणि ती लाज आईवरच्या मायेतूनच आलेली होती. मावशीचे हात थांबले नाहीत. ऐरावताच्या मानेवरचा फेस ती तशीच गोल गोल फिरवत राहिली.

"भाकरीसाठी नाय येत मी, नारान," ती म्हणाली, खाली बघूनच. "चालीस वरसं म्हावऱ्यावर हात फिरवला. सगली मेलेली. थंडगार. यो हाताखाली जिता हाय रं. गरम लागतो."

नारायण कुंपणाच्या अलीकडे आला. बहुधा तो आईला हाताला धरून न्यायलाच आला असावा. पण त्याच क्षणी ऐरावताला अंग झाडावंसं वाटलं. मानेपासून सुरू झालेली ती लाट शेपटीपर्यंत गेली, आणि इस्त्रीच्या शर्टावर, घड्याळावर, मिशांवर फेसाचं नक्षत्रमंडळ उमटलं. मावशी मटकन खाली बसून हसायला लागली. नारायणने शर्टाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि मग त्यालाही आवरलं नाही. मी आणलेला टॉवेल घेऊन तो पायरीवर बसला, चहा प्यायला, "यो हलत कसा नाय?" असं दोनदा विचारून निघून गेला. आईला नेलं नाही.

पुढच्या रविवारी मावशीच्या डोक्यावर टोपली होती आणि काखेत एक गुंडाळी: ट्रेलरच्या केबिनमधली जाड, रेघारेघांची रबरी चटई. "गोनपाट कुजतंय ना," ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "नारानानं दिली. माजं नाव सांगू नको, बोललाय."

अशी सात वर्षं गेली. रांगेतल्या इतर घरांतही मोठी कुत्री आली, एक ग्रेट डेन, एक मास्टिफ, आणि त्यांच्या मालकांनी मावशीला बोलावलं. ती गेलीही, पण "आमचा दादूस" हे शब्द तिने दुसऱ्या कुणासाठी वापरले नाहीत. मोठ्या जातीची कुत्री फार जगत नाहीत. निसर्ग त्यांना देह उदारपणे देतो आणि वर्षं हात आखडून. दहाव्या वर्षी ऐरावताचे मागचे पाय थकले. तो बसून आंघोळ करू लागला, तशी मावशीही उकिडवी बसायची सोडून त्याच्या शेजारी मांडी घालून बसू लागली. तिचेही गुडघे बोलू लागले होते. दोन म्हातारी माणसं उन्हाला बसावीत तशी ती दोघं दिसत. एका फाल्गुनी दुपारी, पंख्याखाली झोपलेला असताना, कुणालाही त्रास न देता तो गेला.

रविवारी मावशी आली. टोपली नव्हती, ठेवणीतलं लुगडं नेसलेली होती, केस चापून बसवलेले. आम्ही परसात बसलो. रडणं झालं, मग त्याने पलंग उचलला होता ती गोष्ट मी पुन्हा सांगितली, आणि रडता रडता आम्ही दोघी इतक्या हसलो, की सुधीर घाबरून बाहेर आले. उठताना तिने मला विचारलं नाही की आता येऊ की नको. मीही सांगितलं नाही. पण ती येत राहिली, आणि मला आता आठवत नाही की पायऱ्या कधी एक झाल्या. आम्ही दोघी एकाच पायरीवर बसू लागलो होतो एवढं खरं.

मग तिच्या गुडघ्यांनी तिला बसवलं, आणि ती उरणला लेकीकडे राहायला गेली. गेल्या हिवाळ्यात आम्ही घराला रंग दिला. मोठं कपाट भिंतीपासून सरकवलं तर मागे, सांदीत, केसांचा एक लहानसा झुबका सापडला. इतक्या वर्षांची झाडलोट चुकवून तो तिथे बसून होता. मी तो हातात घेतला आणि उरणला फोन लावला. मावशीचा आवाज बारीक झाला होता, पण हसू तेवढंच मोठं. मी सांगितलं, काय सापडलं ते.

"पांडरा का तांबूस?" तिने विचारलं.

"पांढरा, मावशी."

"लांब हाय, का आखूड?"

"लांब. मऊ आहे अगदी."

"मंग गल्याखालचा," ती म्हणाली, शंकेला जागाच नसल्यासारखी.

मी खिडकीशी गेले. झुबका उन्हात धरला. तो श्वासानेही हलत होता. काळ मोठमोठ्या गोष्टी सहज उचलून नेतो, देह, आवाज, चालते पाय. पण कुणीतरी कुणाला इतकं जवळून जाणलेलं असतं, की सात कोसांवर बसून, न बघता, ते त्याच्या गळ्याखालचा एक केस ओळखतं. आणि तेवढ्या ओळखीपुरतं तरी गेलेलं काहीच पुरतं गेलेलं नसतं.