जाळी कोणी काढली

माझी धाकटी बहीण चार बोटं भाजून घरी बसली, आणि ऑफिसला काय पडलंय, तर पूर्ण वाक्याचं!

आम्ही दोघी हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्रीच्या तापत्या रोलरवर. ओली चादर तिने आत सारायची, इस्त्री होऊन आलेली मी पलीकडून ओढायची. सारणारीच्या बोटांपुढे लोखंडी जाळी असते. जाळी असली की काम रेंगाळतं, म्हणून पाळीच्या सुरुवातीला ती काढून खिळ्याला टांगायची आणि तपासणीवाले आले की परत बसवायची. ही रीत सुपरवायझरनेच लावलेली.

अपघाताचा फॉर्म इंग्रजीत भरायचा. जाळीला तिथे गार्ड म्हणतात. मी मोडकंतोडकं लिहिलं, 'नो गार्ड. हँड इन रोलर. बर्न.' दोनदा परत आला, वर लाल शेरा: पूर्ण वाक्यात लिहा.

"अहो, 'नो गार्ड' हे वाक्य नाही," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. "कोणी आणि काय केलं, दोन्ही लागतं. त्याशिवाय अर्थ पुरा होत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोटांची सालटी निघाली, तरी ह्यांचा अर्थ पुरा होत नाही!

दुपारी सुपरवायझर गोड आवाज काढत आला. "ताई, कशाला डोकं शिणवताय? मी लिहून आणलंय. सही ठोका."

'शी पुट हर हँड इन द रोलर.' तिने रोलरमध्ये हात घातला. कर्ता आहे, क्रियापद आहे, शेवटी टिंबसुद्धा आहे. खाली सही केली की चूक तिची आणि नोकरीही गेली.

"ह्यात जाळी कुठाय?" मी ओरडले.

"मग लिहा की, कोणी काढली ते."

तो हसत होता. मेल्याला पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळी जाळी मीच काढली होती. बहीण म्हणाली होती, "ताई, आज जाळी राहू दे, चादरी जाड आहेत, बोटं आत ओढली जातात." मी म्हटलं होतं, "नखरे करू नकोस." इंग्रजी येत नाही हे निमित्त होतं. दोन्ही फॉर्मवर कोणी काढली ते मी मुद्दाम गाळलं होतं. त्याच्यापेक्षा जास्त मला माझीच चीड आली.

त्याचा कागद फाडला आणि नव्यावर लिहिलं: 'आय रिमूव्ड द गार्ड. द सुपरवायझर टेल्स अस टू रिमूव्ह इट एव्हरी डे.' जाळी मी काढली. सुपरवायझर आम्हाला ती रोज काढायला सांगतो.

"तुमचीही नोकरी जाईल," तो म्हणाला. आता हसत नव्हता.

"जाऊ दे. एकटी नाही जाणार मी."

ऑफिसात बाईंनी दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

घरी बहीण पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून बसली होती. मी चप्पलही काढली नाही. "त्या दिवशी जाळी मी काढली," मी म्हटलं. "तिसऱ्या फॉर्मवर तसंच लिहून दिलंय."

"माहितेय कोणी काढली ते. मी तिथेच होते ना," ती म्हणाली. "दोन फॉर्म वाया घालवलेस, ताई."