हळू

रोशननं लॅपटॉपवरची वेगाची पट्टी खाली ओढली आणि सौंसरच्या बाजारचौकात प्रज्ञाचा रेकॉर्ड केलेला आवाज एकदम सत्तर वर्षांचा झाला.

चौदा एप्रिलची मिरवणूक होती. समोरच्या घरी आजारी माणूस, म्हणून समितीचे अध्यक्ष मधुकर सर दोन्ही तळवे खाली दाबत डीजेच्या गाडीमागे धावत होते.

“रोशन, हळू कर! हळू!”

रोशन मोठ्यांचं ऐकणारा मुलगा. त्यानं केलं.

“अबे, हे काय करून राहिला?”

“हळू केलं ना, सर.”

“आवाज हळू, बे! गाणं नाही!”

“मंग आवाज म्हणाचं ना.”

पुढे आसपासच्या बोरगाव-रामाकोन्याच्या पोरांनी गाणं असं संथ करून वाजवण्याला ‘हळू’ असंच नाव दिलं आणि त्याचा शोध आपणच लावल्याचं प्रत्येकानं वेगवेगळं सांगितलं. त्या दिवशी मात्र तो शोध नव्हता, मराठी भाषेचा दोष होता.

गाडीच्या फळीवर उभ्या प्रज्ञानं डोळे मिटून घेतले. हे गाणं तिच्या आजीचं, शांताबाईचं. शांताबाई आणि वच्छला ही जोडी एके काळी तिगावापर्यंत जयंत्या गाजवायची. वच्छला गेली आणि शांताबाईनं गाणं सोडलं. शब्द विचारले की एकच उत्तर, “इसरली मी.” प्रज्ञाला लहानपणीची दोनच कडवी आठवत होती. ती तिनं रॅपमध्ये बसवली. ऐकून आजीच्या तोंडून पुढचं काही निसटेल, एवढीच आशा. सकाळी मोबाईलवर ऐकवलं, तर आजी म्हणाली, “याच्यापरीस कुकरची शिटी बरी. निदान भात तं शिजते.”

आता उरली होती ही मिरवणूक. आणि तिथं गाणं रेड्यासारखं चालत होतं.

*बोंडानं बोट फाडलं बाई,*
*त्याच बोटानं केली सही…*

रॅपमध्ये हे दीड सेकंदात उरकत होतं. आता ‘बोट’ आणि ‘सही’ यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा होती. नाचणाऱ्यांची पंचाईत झाली. आधी ते थांबले, मग खांदे हलवून काही जमतं का ते पाहू लागले. जमत होतं.

कटलरीच्या दुकानापुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेली शांताबाई उठून उभी राहिली.

“हे कोन गाऊन राहिलं?”

प्रज्ञा उडी मारून तिच्याजवळ आली. “मीच, आजी.”

“चूप. तू नाही. वच्छला हाये हे.” तिनं गाडीवर नजर फिरवली. “असाच जाड आवाज होता तिचा. तंबाखूनं केलता.”

तेवढ्यात रोशनवरचा विश्वास उडालेल्या मधुकर सरांनी स्वतः गाडीवर चढून बटणं फिरवली. योग्य बटण तिसऱ्या प्रयत्नात सापडलं. कर्ण्यांचा आवाज बसला. आणि बसल्याबरोबर कळलं, की दुसरं कडवं चौकात आणखी कोणीतरी म्हणत होतं. चिरकं, एक सूर वर; पण शब्दाला शब्द लावून.

मधुकर सर बटणावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

दोन कडवी संपली. नुसता ठेका उरला. शांताबाईनं पुढच्या कडव्याची वाट पाहिली, मग नातीकडे वळली.

“तिसरं काऊन नाही?”

“दोनच येते मले.”

“तिसरं वच्छला म्हणे. मी नुसती मागून सूर धरो.” तिनं ठेक्याकडे कान दिला. मग खुर्चीत बसली, पदर खोचला, खाकरली.

“लिहून घे,” ती म्हणाली. “आन् मधात टोकू नको.”