रोशनबीनं ठेवलेलं नाव

"लेकुरवाळी बाई बघ गं," चांगुणाबाईंनी सुनेला बजावलं होतं. "जिची कूस उजाड झाली, तिच्या पदरात पोर टाकू नको. तिला तो खेळ वाटायचा न्हाई."

पूजानं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. तिचं पहिलं बाळ हाती लागलं नव्हतं. आता दुसरी पोर, सुकन्या, तापातून उठली, तरी सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. अशा घरात पोर उकिरड्यावर ठेवतात, शेजारीण ते उचलते आणि आई सूपभर बाजरी देऊन परत घेते. नाव मात्र शेजारीण ठेवील ते. मरण दारी आलंच, तर त्याला पोर दुसऱ्याचं वाटावं. बी.एस्सी. झालेल्या पूजाला हसू आलं, पण नाही म्हणायची हिंमत होईना. उचलायला तिनं भिंतीपलीकडच्या रोशनबीला बोलावलं. एकटी, मायाळू बाई. तिची मुलगी लहानपणीच गेली, म्हणून तिला वगळायचं? पूजाला ते पटलं नाही.

रोशनबीनं पोर छातीशी धरलं.

"कचरी म्हण, धोंडी म्हण," चांगुणाबाई म्हणाल्या. "कायतरी वंगाळ."

"नाझनीन," रोशनबी म्हणाली.

चांगुणाबाईंच्या हातातलं सूप कललं. घरात आल्यावर त्या म्हणाल्या, "तिच्या गेलेल्या पोरीचं नाव हाय ते. इतक्या वर्सांत तोंडातून काढलं नव्हतं तिनं."

मग रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची आणि रांगती सुकन्या तिकडं वळायची. पूजानं 'सुकन्या' म्हटलं, तर मानसुद्धा वर करायची नाही. पूजा झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून बसू लागली. नावानं काही होत नसतं, हे तिला कळत होतं. तरी एक दिवस ती रोशनबीच्या ओट्यावर गेली.

"चाची, त्या नावानं हाक नका मारू."

"मग कुठल्या मारू, बेटा? तूच दिलीस ना मला."

"बाजरी देऊन परत घेतली की."

"व्हय. बाजरी तशीच हाय डब्यात. दळवत न्हाई माझ्यानं."

पूजाच्याच हट्टानं तिच्या नवऱ्यानं, अमृतनं, बेलापूर सोडून पारनेरला खोली घेतली. टेम्पोत सामान चढलं, तेव्हा शेजारचं दार उघडलं नाही. पुढं रोशनबीचा फोन नुसता वाजत राहायचा. आता तो बंदच लागतो. पूजाच्या जुन्या घरात आलेले भाडेकरू सांगतात, म्हातारी बाहेर दिसत नाही, भिंतीपलीकडून मधूनच पोरीला हाक मारल्यासारखं ऐकू येतं. अलीकडं तेही नाही.

पूजाला जायचं आहे. पण त्या दारात सुकन्या पुन्हा त्या नावाला वळली तर, या धास्तीनं तिचा पाय उचलत नाही.

तुम्ही बेलापूरकडचे असाल, तर मशिदीमागच्या गल्लीत निळ्या पत्र्याचं घर आहे. कडी वाजवा. लगेच उघडणार नाही, थोडं थांबा. बाई जेवते-खाते का, एवढं बघा, आणि पूजाला कळवा.