डिस्कचं नाव वाचून दाखवा

साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले की आधी त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. आज तो मघापासून थांबायचं नाव घेत नव्हता.

"झालं का गं?"

"सुरूच करतेय, सर."

काचेपलीकडे मेनफ्रेम हा अजस्र संगणक एकसुरी घुमत होता. अख्ख्या इस्पितळाचा संसार त्या एका काळ्या धुडावर चालायचा. रक्तपेढी, तपासण्यांचे अहवाल, कुठल्या खाटेवर कोण, सगळं त्यातच. आता त्याच यंत्राचा एक कोपरा वेगळा काढून तिथं लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली बसवायची होती, म्हणजे नवी कामं तिकडे हलवता आली असती. एकाच घरात दुसरी चूल मांडण्यासारखं, असं तिनं नवऱ्याला समजावलं होतं. पहिल्या चुलीला मात्र धक्का लागता कामा नये.

कुठल्या कंपनीचं लिनक्स घ्यायचं, हेही तिनंच ठरवलं. साहेबांचा जीव फुकटातल्या लिनक्सवर होता. बाळंतपणाच्या सुट्टीत, लेक मांडीवर झोपलेली असताना, तिनं तीन कंपन्यांची लिनक्स तपासली आणि एकीवर बोट ठेवलं. त्या कंपनीचं लिनक्स याच जातीच्या यंत्रावर पारखलेलं होतं आणि अडल्यानडल्याला तिची माणसं फोन उचलत होती. साहेबांनी ऐकलं, पण कुरकुरत. "तू म्हणतेस म्हणून. बसवायचंही तूच."

कामावर परतल्यापासून सगळे तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होते. "झोप होते ना?" असं विचारायचे आणि तिनं केलेलं काम पुन्हा उघडून बघायचे. आज काही चुकलं, तर त्या गोड बोलण्याला कारणच मिळणार होतं.

टेबलावरचा फोन वाजला. सासूबाई.

"अगं, पोरीचं अंग जरा कोमट लागतंय. ते तापाचं औषध देते."

"आई, आधी बाटलीवरचं नाव वाचून दाखवा ना."

"गुलाबीच आहे गं ते. तूच तर ठेवलंयस."

"तरी वाचा."

सुस्कारा ऐकू आला, मग चष्म्याची शोधाशोध. सासूबाईंनी अक्षर अक्षर लावत नाव वाचलं. बरोबर होतं.

"पटलं? ताप पोरीला आणि परीक्षा माझी!"

तिनं फोन ठेवला. जुडगा पुन्हा वाजला. "घरचं आटपलं असेल तर दाब बटण."

पडद्यावर डिस्कची यादी होती. खाली कुठवर जाते ते दिसत नव्हतं. 'सगळ्या निवडा'वर खूण केलेली होती. एकदा फॉरमॅट सुरू झालं की डिस्कवर जे असेल ते गेलं, त्याला माघार नाही. बोट कळीवर टेकलं आणि तिथंच राहिलं. घरची बाटली बरोबर असूनही तिनं वाचायला लावली होती. या डिस्क कुणी वाचल्या होत्या?

"सर, नावं बघून घेते जरा."

प्रत्येक डिस्कवर सुरुवातीलाच तिचं नाव लिहिलेलं असतं. शेजारच्या टेबलावरून कपाट हसला. सगळ्या डिस्कचा ताबा त्याच्याकडे, म्हणून हे टोपणनाव. "ताई, तुम्ही लिहून दिलं, १२०० ते १२१५. तेवढ्याच दिल्या. माझ्यावर विश्वास नाही की स्वतःवर?"

ती कीबोर्डकडे वळली. आज्ञा टाइप केली. नावं सरकू लागली. रिकामी. रिकामी. रिकामी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. रिकामी.

मग 'लॅब एक'. मग 'लॅब दोन'.

तिनं यादी मोजली. हव्या होत्या सोळा, पडद्यावर होत्या बावीस. या यंत्रावर क्रमांक आपल्यासारखे चालत नाहीत. १२०९ नंतर १२१० येत नाही, १२०ए येतो. तिथून बी, सी करत एफपर्यंत गेलं की सोळा पुऱ्या होतात. १२१० पासून पुढं जित्याजागत्या रुग्णांचे अहवाल होते. आणि आपल्या बोटांवर मोजून १२१५ लिहून देणारी कपाट नव्हे, ती स्वतः होती.

त्या सहांवरची खूण काढायची आणि बटण दाबायचं. कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्या सहा डिस्क तिच्या कोपऱ्याला जोडलेल्याच राहिल्या असत्या. उद्या दुसऱ्या कुणीतरी अशाच घाईत 'सगळ्या निवडा' म्हटलं असतं तर?

"सर, थांबा." तिनं हात मागे घेतला. "शेवटच्या सहा लॅबच्या आहेत. क्रमांक मी चुकीचा दिला. आधी त्यांची जोडणी तोडावी लागेल."

जुडगा गप्प झाला. कपाटाचं हसू विरलं. पडद्यावर डोळे रोवून तो पुटपुटला, "आयला. एफपर्यंतच! मीही बघितलं नाही." आणि त्याची बोटं भराभर चालू लागली.

"बटण दाबलं असतंस तर?" साहेबांनी हळूच विचारलं.

"राखीव प्रत काल रात्रीपर्यंतचीच आहे. सकाळपासून ज्यांचं रक्त तपासलंय, त्यांचं काहीच सापडलं नसतं."

"काढल्या," कपाट म्हणाला. "बघा बरं."

तिनं १२१० टाइप केलं. पडद्यावर उमटलं, 'असं उपकरण नाही.' एरवी या ओळीनं तिचं डोकं उठायचं. आज तिनं ती दोनदा वाचली.

बोट पुन्हा कळीकडे गेलं, तोच साहेबांनी एक खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसकण मारली. जुडगा टेबलावर ठेवून त्यांनी चष्मा चढवला.

"पहिल्यापासून वाच. मोठ्यानं. मी मागून म्हणतो."

"१२००. रिकामी."

"१२००," साहेब म्हणाले. "रिकामी. पुढची."