कोकोत

अर्माँला अर्धांगवायू झाला आणि त्याच्याकडे एकच शब्द उरला. कोकोत.

आमच्याकडे फ्रान्समध्ये या शब्दाचं काही खरं नाही. लहान मुलं कोंबडीला कोकोत म्हणतात, जड झाकणाच्या बिडाच्या पातेल्यालाही तेच नाव. नवरा बायकोला लाडानं म्हणतो, आणि नाक मुरडून म्हटलं तर ती कुणाची तरी ठेवलेली बाई. अर्माँ लग्नापासून मला कोकोतच म्हणायचा. आता तो चमच्याला, खिडकीला, डॉक्टरलाही कोकोत म्हणू लागला. आधी मी पातेलं आणून दाखवायचे, मग कोंबडी. मग काहीच दाखवेनाशी झाले.

आमच्या ब्रेस भागात कोंबड्या नावाजलेल्या, आमचाही कोंबड्यांचाच धंदा. पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय. अर्माँच्या कोंबड्यांना प्रदर्शनात बक्षिसं मिळायची. गावातले पुरुष त्याला ‘गावचा कोंबडा’ म्हणून हसायचे. बायकांमागे फिरणाऱ्याला तसं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या घरी खरेच कोंबडे होते, म्हणून मी ते बक्षिसांबद्दलच धरलं.

फेब्रुवारीत जोझियान आली. पलीकडच्या गावात ती शिवणकाम करायची. दार मीच उघडलं. तिला पाहून अर्माँनं धड असलेला हात पुढे केला.

"कोकोत," तो म्हणाला. चमच्याला म्हणायचा तसं नव्हे.

ती रडायला लागली. मी कॉफी ठेवली, साखर काढली. हात तेवढे काम करत होते.

"तुलाही हेच म्हणायचा?" मी विचारलं.

"हो, मादाम."

"कधीपासून?"

"तुमची मारीज शाळेत जायला लागली, तेव्हापासून."

आमची मारीज आता चाळिशीला आली होती.

जोझियान माफी मागू लागली, तर मी तिला थांबवलं. सोमवारी मला कोंबड्या घेऊन बाजाराला जावं लागतं, याच्याजवळ बसायला कुणी नसतं, एवढं सांगितलं.

"दाढी करता येते का तुला?"

"येते."

"मग ये."

ती येत राहिली. मी परतायचे तेव्हा त्याचे गाल गुळगुळीत असायचे, भांडी घासलेली असायची. आम्ही थंडीबद्दल, कोंबड्यांच्या दाण्याबद्दल बोलायचो.

मे महिन्यात अर्माँ गेला. दफनाच्या वेळी जोझियान मागे भिंतीपाशी उभी होती. ती बाई कोण, असं मारीजनं विचारलं.

"सोमवारची," मी म्हटलं.

पुढच्या सोमवारीही ती आली. मी तिच्या हातात अंड्यांची टोपली दिली आणि आम्ही दोघी बाजाराला गेलो.