घाटाचे शेवटचे दोनशे मीटर

सायकलवरून तैवान बेटाची प्रदक्षिणा हातून झाल्याशिवाय आपण इथले नाही, असं मानणारी माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यात वाईट काही नाही. पण युनचेनच्या नवऱ्याला, कुओवेईला, ती सात वर्षांच्या पोरीकडून करून घ्यायची होती, तीही तिच्या हिवाळ्याच्या सुट्टीत, पंधरा दिवसांत. पोरीच्या, म्हणजे यिनयिनच्या सायकलला मागे पाटी होती: ‘वय सात, प्रदक्षिणा पहिली’. बापलेक पुढे सायकलवर, मागून सामानाची व्हॅन घेऊन युनचेन. तिला स्वतःला या प्रवासातून एकच हवं होतं. पोरगी जेवढी चालवेल तेवढी तिने खरी चालवावी.

दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने पोर गळाठली. कुओवेईने सायकली व्हॅनमध्ये टाकल्या, पूल ओलांडला आणि गाव दिसायच्या आत पुन्हा खाली काढल्या. पूल धोक्याचा, तो हिशोबात धरायचा नाही, म्हणाला. दुपारी शेवयांच्या दुकानात मालकीण पोरीचं कौतुक करायला लागली, तर यिनयिनने आपण होऊन सांगून टाकलं, की पुलावर मी गाडीत होते. युनचेनला वाटलं, उठून तिचा मुका घ्यावा. कुओवेई हसला, पण कान लाल झाले. संध्याकाळी खोलीवर त्याने लेकीला जवळ बसवून गोड आवाजात समजावलं. सगळंच सगळ्यांना सांगायचं नसतं, लोकांना आनंद द्यायचा असतो, माझी आई, तुझी आमा, शेजारीपाजारी तुझे फोटो दाखवते, तिला काय वाटेल? मोरीत मोजे धुताना युनचेनने शब्द न् शब्द ऐकला. मोजे पिळले आणि वाळत घातले.

मग रोजच थोडं थोडं. आज सहा किलोमीटर, उद्या अकरा. वरून कीर्तन, आतून तमाशा. रात्री तो ऑफिसच्या ग्रुपवर आकडे टाकायचा, लोक टाळ्यांची चित्रं पाठवायचे, आणि शेजारी पडलेल्या युनचेनला त्या उजेडातल्या त्याच्या हसऱ्या तोंडाची अक्षरशः शिसारी यायची.

सहाव्या दिवशी शौखाचा घाट आला. सगळी प्रदक्षिणा एकीकडे आणि हा चढ एकीकडे. वर सायकलवाल्यांचा थांबा आहे, तिथे फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. कुओवेईने ऑफिसला बाराचा वायदा दिला होता, माथ्यावरून थेट व्हिडिओ. साडेदहा वाजले तरी नऊ किलोमीटर उरले होते आणि यिनयिन सायकल ढकलत चालत होती. तिची तक्रार नव्हती. उलट तिनेच विचारलं, “बाबा, चालत गेलं तरी धरतात ना?”

“धरतात,” व्हॅनच्या खिडकीतून युनचेन म्हणाली. “चालू दे तिला. पोचू तेव्हा पोचू.”

“अगं, चाळीस माणसं बाराला फोन उघडून बसणार आहेत.”

“बसू देत.”

“मग तूच सांग त्यांना. आणि आईलाही सांग.” त्याने मागचं दार उघडलं आणि पोरीच्या हातातली सायकल काढून घेतली.

किल्ली युनचेनच्या हातात होती. फिरवली नसती तर गाडी जागची हलली नसती. तिने फिरवली. वाटेत तो गाडीच्या गार हवेत बसून चहात उकडलेली अंडी सोलून खात होता, एक लेकीलाही दिलं. सायकल ढकलत चालणाऱ्या तिघांना ओलांडताना त्याने पोरीला खाली वाकायला सांगितलं. ती वाकली, सवयीने.

माथा दोनशे मीटरवर आला तशी त्याने गाडी थांबवायला लावली. सायकली उतरवल्या. मग पाण्याची बाटली घेऊन स्वतःच्या गळ्यावर शिंपडलं, आणि लेकीच्या कपाळावर, पाठीवर, बोटांनी, नीट, देवाला शिंपडावं तसं. या माणसाच्या ताटात आपण नऊ वर्षं जेवतोय, असं युनचेनच्या मनात आलं.

वर टाळ्या पडल्या. ‘चिआयो, चिआयो’, जोर लाव, असं ओरडत लोकांनी पोरीला उचलूनच घेतलं. भिंतीवर नाव लिहायला कोणी जाडं पेन दिलं. सत्तरीचे एक आजोबा गुडघे चोळत कट्ट्यावर बसले होते, ते तिला म्हणाले, “पोरी, मी तर तीन वळणं चक्क चालत आलो. तू कुठे उतरलीस?”

कुओवेईचा फोन तिच्या तोंडासमोर होता. युनचेन व्हॅनला टेकून उभी होती. शेवयांच्या दुकानातली पोर अजून आत असेल, तर आता बोलेल, असं तिला वाटलं. नुसतं वाटलं नाही, तिने तसं मागितलं.

“कुठेच नाही, आजोबा,” यिनयिन म्हणाली. “शेवटच्या वळणावर पाय फार दुखत होते. पण मी खाली बघितलंच नाही.”

म्हातारा उठला. सगळ्यांसमोर त्या चिमुरडीपुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, आज मला लाज वाटली. यिनयिननेही वाकून नमस्कार केला, जसा करायचा तसा.

व्हिडिओ संपल्यावर ती पळत व्हॅनपाशी आली. कपाळ सुकलं होतं. तिने आईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“आई, नीट बोलले ना मी?”

कुओवेई दहा पावलांवर होता. आजोबा त्याहून जवळ होते, आणि इकडेच बघत हसत होते.

“नीट बोललीस,” युनचेन म्हणाली.

पोरीचा चेहरा खुलला. ती आईच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, “पाय दुखल्याचं बाबांनी नव्हतं सांगितलं. ते मी माझं घातलं.”